ग्वाकामोले : एका चटणीचा इतिहास

राजांच्या लढाया आणि तहांच्या तारखा इतिहासकारांनीं जपून ठेवल्या. पण ज्या दगडावर रोजचें वाटण वाटलें गेलें त्या दगडाची बखर क्वचितच कोणी लिहिली. वास्तविक राज्यें बुडतात, राजधान्या जमीनदोस्त होतात, जुन्या देवळांच्या जागीं नव्या धर्माचीं मंदिरें उभीं राहतात, तरी घरांतलें वाटण पुष्कळदां पूर्वींसारखेंच चालू राहतें. मेक्सिको देशांतील ग्वाकामोले नांवाची चटणी हें या गोष्टीचें ठळक उदाहरण आहे. आज अमेरिकेंत, युरोपांत आणि मुंबई-पुण्याच्या कांहीं घरांतहि ही हिरवी, मऊ चटणी मेजवानीच्या टेबलावर मोठ्या वाडग्यांतून येते, आणि पाहुणे मक्याचे तळलेले तुकडे तिच्यांत बुडवून खातात. ती करावयास पांच-दहा मिनिटें पुरतात. तिचा इतिहास मात्र पांचशें वर्षांहून जुना आहे, आणि त्या इतिहासांत एक प्रश्न सारखा डोकावत राहतो : घरीं वाटून लगेच खाण्याची वस्तु दूरच्या बाजाराच्या हातीं गेली म्हणजे तिची किंमत कोण देतो ?

नांवाचाच विचार प्रथम केला पाहिजे. मेक्सिकोवर स्पॅनिश अंमल बसण्यापूर्वीं तेथील ॲझ्टेक लोक नाहुआत्ल भाषा बोलत. आजहि ती भाषा बोलणारे लाखों लोक त्या देशांत आहेत. त्या भाषेंत ॲव्होकाडोच्या फळाला ‘आवाकात्ल’ आणि वाटून केलेल्या चटणीला किंवा कालवणाला ‘मोल्ली’ म्हणत. दोहोंचा समास ‘आवाकामोल्ली’. स्पॅनिश जिभेवर त्याचेंच ‘ग्वाकामोले’ झालें. म्हणजे नांवाचा सरळ अर्थ ‘ॲव्होकाडोची चटणी’ असा आहे. ज्या दगडी खलांत ती वाटतात त्या ‘मोल्काहेते’च्या नांवांतहि हाच ‘मोल्ली’ शब्द दडलेला आहे. हा खल तीन पायांचा असतो, आणि ज्वालामुखीच्या काळ्या, सच्छिद्र खडकांतून कोरलेला असतो. सह्याद्रीचे कडे ज्या काळ्या पाषाणाचे बनलेले आहेत त्याच जातीचा हा खडक होय. त्यामुळें महाराष्ट्रांतील पाटा-वरवंटा आणि मेक्सिकोंतील मोल्काहेते हे, कधीं भेट न झालेले, पण एकाच कुळांतले सोबती म्हटले पाहिजेत.

या फळाची आणि मेक्सिकोंतील माणसाची ओळख फार जुनी आहे. पुएब्ला प्रांतांत तेहुआकानच्या खोऱ्यांत कोश्कात्लान नांवाची गुहा आहे. तिच्या उत्खननांत ॲव्होकाडोचे जे अवशेष मिळाले त्यांतील सर्वांत जुने सुमारें नऊ-दहा हजार वर्षांपूर्वींचे मानतात. एवढ्या दीर्घ स्नेहाला कारणहि तसेंच होतें. स्पॅनिश लोक येईपर्यंत मेक्सिकोंत गाय नव्हती, म्हैस नव्हती, शेळी किंवा डुक्करहि नव्हतें. पाळीव प्राण्यांत कुत्रा आणि टर्की पक्षी हेच काय ते मुख्य. जेथें दूध नाहीं तेथें लोणी नाहीं आणि तूपहि नाहीं. स्वयंपाक भाजून, उकडून किंवा वाफवून होई. अशा आहारांत, ज्याच्या गरांत शेंकडा १५ च्या आसपास स्निग्धांश आहे असें फळ म्हणजे झाडाला लागलेला लोण्याचा गोळाच होता. मका, घेवडा, भोपळा आणि मिरची या रोजच्या अन्नाला त्यानें ओलावा दिला. गांवांचीं नांवेंहि या फळावरून पडलीं. इ. स. १५४१ च्या सुमारास तयार झालेली ‘मेंदोसा’ नांवाची चित्रपोथी आज ऑक्सफर्ड येथें आहे. तींत आवाकात्लान या गांवाचें नांव झाडाच्या चित्रानें दाखविलें आहे.

ॲझ्टेकांच्या राजधानींतील बाजार पाहून स्पॅनिश सरदार एर्नान कोर्तेस चकित झाला. तेथें रोज ६०,००० हून अधिक माणसें देवघेव करतात असें त्यानें १५२० सालीं आपल्या राजाला कळविलें. पुढें बेर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन पाद्र्यानें नाहुआ विद्यार्थ्यांच्या साहाय्यानें त्या समाजाची माहिती देणारा बारा भागांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्यांत बाजारांत तयार अन्न विकणाऱ्यांचें वर्णन आहे. मिरचीचीं, टोमॅटोचीं, भोपळ्याच्या बियांचीं नाना तऱ्हेचीं कालवणें तेथें विकत मिळत. आणि चांगला विक्रेता कोणता व शिळेंपाकें गळ्यांत बांधणारा वाईट विक्रेता कोणता, हेंहि त्या ग्रंथांत सांगितलें आहे. विकतच्या अन्नाविषयींची गिऱ्हाइकाची शंका किती पुरातन आहे याची ही साक्षच समजावी.

युरोपियनांनीं या फळाचें पहिलें छापील वर्णन केलें तें मात्र मेक्सिकोंत पाहून नव्हे. मार्तिन फेर्नांदेस दे एन्सिसो याचें भूगोलावरील पुस्तक १५१९ सालीं सेव्हिल येथें प्रसिद्ध झालें. आजच्या कोलंबियाच्या किनाऱ्यावर सांता मार्ताजवळ आढळणाऱ्या या फळाचा गर लोण्यासारखा असतो आणि चव अप्रतिम असते, असें त्यानें लिहिलें. १५२६ सालीं गोन्सालो फेर्नांदेस दे ओव्हिएदो यानेंहि त्याला नासपतीच्या जातींत बसवून त्याचा गर लोण्यासारखा असल्याचें सांगितलें, आणि चीजबरोबर तें चांगलें लागतें अशी पुस्ती जोडली. परक्या फळाला ओळखीच्या चौकटींत बसविण्याचा हा प्रयत्न होता. पुढें इंग्रज खलाशी विल्यम डँपियर याच्या १६९७ सालच्या प्रवासवर्णनांत या फळाचा गर साखर आणि लिंबाचा रस घालून थाळींत घोटतात, किंवा मीठ लावून भाजलेल्या केळ्याबरोबर खातात, असा उल्लेख आला. घोटण्याची क्रिया तीच. पण मिरचीच्या जागीं साखर आलेली.

मध्यंतरीं, १५२१ सालीं, ॲझ्टेकांची राजधानी पडली होती. देवळें पाडलीं गेलीं, पोथ्या जाळल्या गेल्या, आणि युद्धाहूनहि देवीच्या सांथीनें अधिक माणसें मेलीं. या सर्व उलथापालथींत स्वयंपाकघरांतला काळा खल शाबूत राहिला. त्यांत कांहीं नव्या वस्तु मात्र येऊन पडल्या. कांदा, लिंबू आणि कोथिंबीर या तिन्ही वस्तु स्पॅनिश जहाजांतून मेक्सिकोंत आल्या. आज त्यांच्यावांचून ग्वाकामोले अपुरी वाटते. पण मोक्तेसुमा राजाच्या प्रजेला त्यांतली एकहि ठाऊक नव्हती. उलट दिशेनें मिरची आणि टोमॅटो जगाच्या प्रवासाला निघाले. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें, आणि त्याच शतकांत त्यांच्या व्यापारामुळें मिरची भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. मराठींत तिला स्वतंत्र नांवहि मिळालें नाहीं; जुन्या मिऱ्यांच्या नांवावरूनच ती ‘मिरची’ झाली. आज महाराष्ट्रांतील गृहिणी हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ आणि लिंबू घेऊन चटणी वाटते. मेक्सिकोंतील गृहिणीहि हींच चार द्रव्यें खलांत घेते. एकीच्या चटणींतली मिरची दुसरीच्या देशाची, तर दुसरीच्या चटणींतलें लिंबू आशिया खंडाचें. चारशें वर्षांच्या सरावानें दोघींनाहि तीं आपलींच वाटतात.

ग्वाकामोले करण्याची रीत साधी आहे, परंतु तींत क्रमाला महत्त्व आहे. खलांत प्रथम जाडें मीठ, चिरलेला कांदा, हिरवी मिरची आणि थोडी कोथिंबीर घालून वाटतात. मिठाच्या खड्यांनीं कांदा-मिरचीचा रस सुटतो आणि त्यांचें ओलें वाटण तयार होतें. मग पिकलेल्या फळाचा गर त्यांत घालून तो चेंचतात. अगदीं गुळगुळीत करीत नाहींत, मधून मधून फोडी लागल्या पाहिजेत. शेवटीं लिंबू पिळतात, आणि कोणी बारीक चिरलेला टोमॅटो मिसळतात. फळ नेमकें पिकलेलें असावें. देठाशीं हलकेंच दाबलें असतां तें थोडें दबावें, पण बोट आंत शिरूं नये. घरोघरच्या आणि प्रांतोप्रांतींच्या रीती अर्थातच निराळ्या. ग्वानाहुआतो प्रांतांत पीच, द्राक्षें आणि डाळिंबाचे दाणे घातलेली ग्वाकामोले करतात. युकातानमधील माया लोकांची ‘सिकिल-पाक’ नांवाची चटणी तर ॲव्होकाडोशिवायच होते. भाजलेल्या भोपळ्याच्या बिया आणि भाजलेले टोमॅटो वाटून ती करतात. तिच्या नांवांतले दोन शब्दहि ‘भोपळ्याची बी’ आणि ‘टोमॅटो’ असेच आहेत.

ग्वाकामोलेचा एक स्वभावदोष मात्र प्रत्येक घराला ठाऊक असतो. ती टिकत नाहीं. कापलेलें सफरचंद हवेंत काळें पडतें त्याच रासायनिक क्रियेनें हा हिरवा गर तासा-दोन तासांत तपकिरी होऊं लागतो. लिंबाच्या आंबटपणामुळें ही क्रिया मंदावते, थांबत नाहीं. चटणींत फळाची कोय ठेवली म्हणजे रंग टिकतो अशी समजूत पुष्कळ ठिकाणीं आहे. परंतु कोय जेवढा भाग झांकते तेवढाच हिरवा राहतो, कारण तेवढ्याच भागाला हवा लागत नाहीं. म्हणून पाहुणे दारांत आले कीं मगच वाटावयास घ्यावी हा जुना शिरस्ता.

चटणीचा हा स्वभाव आणि फळाचा स्वभाव यांत मोठाच विरोध आहे. ॲव्होकाडोचें फळ झाडावर पिकत नाहीं. तें तोडल्यावरच मऊ होतें. पूर्ण वाढलेलें फळ पुष्कळ आठवडे झाडावरच राहूं देतां येतें, आणि टणक असतांना तोडून शेंकडों मैल दूर पाठवितां येतें. थोडक्यांत, चटणी व्यापाराला प्रतिकूल आणि फळ व्यापाराला अत्यंत अनुकूल. विसाव्या शतकांत जें घडलें तें या विरोधांतूनच घडलें.

एकोणिसाव्या शतकांत मेक्सिकोंतून कॅलिफोर्नियांत ॲव्होकाडोचीं झाडें गेलीं होतीं. १९११ सालीं कार्ल श्मिट नांवाच्या तरुणानें पुएब्ला प्रांतांतील आत्लिश्को येथून निवडक झाडांच्या कलमकाड्या तिकडे पाठविल्या. १९१३ च्या हिंवाळ्यांत कॅलिफोर्नियांत कडाक्याचें हिंव पडलें. त्यांत जी जात तगली तिला ‘फुएर्ते’, म्हणजे बळकट, असें नांव पडलें. दुसऱ्याच वर्षीं, १९१४ सालीं, फळाच्या बियांतील सोंड्याच्या भीतीनें अमेरिकन सरकारनें मेक्सिकोच्या ॲव्होकाडोवर बंदी घातली. १९१५ सालीं कॅलिफोर्नियाच्या बागाइतदारांनीं आपला संघ स्थापन केला, आणि फळाला नांव कोणतें द्यावें याचा खल केला. लोक त्याला ‘ॲलिगेटर पेअर’, म्हणजे मगरीचें नासपती, म्हणत; असल्या नांवानें फळ खपणार कसें ? मेक्सिकोंतून आलेलें ‘आवाकाते’ हें नांवहि त्यांना नको होतें. शेवटीं ‘ॲव्होकाडो’ हें नांव कायम झालें. मेक्सिकोचें फळ सरहद्दीवर अडलें, त्याचें मूळ नांवहि मागें राहिलें, आणि त्याचीं कलमें मात्र पलीकडे फळूं लागलीं.

या कलमांच्या कथेंत एका टपालवाल्याचें नांव अजरामर झालें आहे. रुडॉल्फ हास हा कॅलिफोर्नियांत टपाल वांटण्याचें काम करी. ला हाब्रा हाइट्स येथें त्यानें लहानशी बाग घेतली आणि बिया लावून रोपें वाढविलीं. त्यांवर फुएर्तेचें कलम बांधावयाचें होतें, पण एका रोपावर तें कांहीं केल्या जगेना. तें रोप तोडून टाकण्याचा विचार होता. तें राहिलें, वाढलें, आणि त्याच्या खरबरीत सालीच्या, पिकतांना काळपट होणाऱ्या फळांची चव घरांतल्या मुलांना फार आवडली. १९३५ सालीं हासनें त्या झाडाचें पेटंट घेतलें. परंतु एक झाड विकत घेऊन त्यावरून वाटेल तेवढीं कलमें करणाऱ्यांना आवरणार कोण ? पेटंटपासून त्याला एकंदर ५,००० डॉलरहि मिळाले नाहींत, आणि त्यानें टपालाची नोकरी सोडली नाहीं. १९५२ सालीं तो वारला. मूळ झाड मुळें कुजण्याच्या रोगानें २००२ सालीं गेलें. आज जगाच्या बाजारांत येणारे बहुतेक ॲव्होकाडो त्याच एका झाडाच्या कलमांची संतति आहेत. जाड सालीमुळें हें फळ लांबच्या प्रवासांत ठेंचाळत नाहीं, हें त्याच्या यशाचें मुख्य कारण.

फळ प्रवासाला तयार झालें. त्याला मेजवानी मिळाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. मेक्सिकोंत ग्वाकामोले तोर्तियांत, म्हणजे मक्याच्या पातळ भाकरींत, घालून किंवा जेवणांत तोंडीं लावण्यास खात. शिळ्या तोर्तियांचे तुकडे तळण्याची चालहि जुनी होती. लॉस एंजेलिस येथें रिबेका वेब कारान्सा या बाईंचा तोर्तियांचा कारखाना होता. यंत्रांतून वेड्यावांकड्या निघालेल्या तोर्तिया फेकून देण्याऐवजीं त्रिकोणी कापून तळावयाच्या आणि पाकिटांतून विकावयाच्या, अशी युक्ति त्यांनीं १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस काढली, आणि ती चांगलीच फळली. त्याच सुमारास अमेरिकन शहरांत घरगुती पार्टीची नवी तऱ्हा रूढ होत होती. नोकर नाहीं, पंगत नाहीं. पाहुणे उभ्या-उभ्या बोलत आहेत आणि मधल्या वाडग्यांत आळीपाळीनें हात घालीत आहेत. यजमानीण वाढण्याच्या कामांतून सुटली. १९५४ सालीं आंबट साईंत कांद्याच्या सूपची कोरडी पूड मिसळून केलेली ‘कॅलिफोर्निया डिप’ घरोघर पसरली ती याचमुळें. ग्वाकामोलेनें या नव्या पंगतींत आपली जागा पटकावली. खलाची जागा कांट्यानें आणि पुढें विजेच्या यंत्रानें घेतली.

मेक्सिकोच्या फळावरील बंदी १९९७ पासून हळूंहळूं उठली. प्रथम कांहीं संस्थानांत, तेंहि हिंवाळ्यापुरतें, आणि फक्त मिचोआकान प्रांतांतील बागांचें फळ घेण्यास मुभा मिळाली. २००७ पासून तें वर्षभर सर्वत्र जाऊं लागलें. फेब्रुवारींत होणाऱ्या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या दिवशीं ग्वाकामोले खाण्याचा प्रघात जाहिरातींनीं पाडलाच होता. शिवाय, पाण्याच्या प्रचंड दाबाखालीं पाकिटें ठेवून चटणी बिघडविणारे जंतु मारण्याची व तिचा हिरवा रंग राखण्याची युक्ति त्याच दशकांत निघाली. जी चटणी टिकत नव्हती ती अशा रीतीनें दुकानाच्या फळीवर कित्येक आठवडे टिकूं लागली. बाजाराच्या वाटेंतला शेवटचा अडसरहि गेला.

याचा परिणाम मिचोआकानवर काय झाला ? उंच डोंगर, ज्वालामुखीची सुपीक माती आणि पाइनचीं जंगलें असा हा प्रदेश. ॲव्होकाडोला तेथें ‘हिरवें सोनें’ म्हणतात, आणि त्या सोन्यानें पुष्कळ खेड्यांना शाळा, पक्कीं घरें व रोजगार दिला, हें मान्य केलें पाहिजे. पण सोनें म्हटलें कीं लुटारूहि आलेच. सशस्त्र टोळ्या बागाइतदारांकडून खंडणी उकळूं लागल्या. बागांसाठीं पाइनचीं जंगलें तोडलीं गेलीं आणि झऱ्यांचें पाणी बागांकडे वळलें. २०२२ सालच्या फेब्रुवारींत फळांची तपासणी करणाऱ्या एका अमेरिकन अधिकाऱ्याला धमकी आली तेव्हां अमेरिकेनें आयात थांबविली. आठवड्याभरांत ती पुन्हां सुरू झाली. ज्या खेड्यांना धमक्या रोजच्याच होत्या त्यांच्यासाठीं असा कोणताहि व्यवहार थांबला नव्हता.

याच प्रांतांत चेरान नांवाचें पुरेपेचा लोकांचें गांव आहे. बंदुका घेऊन येणाऱ्या चोरट्या लांकूडतोड्यांनीं त्याचें जंगल वर्षानुवर्षें उजाड केलें होतें. १५ एप्रिल १९११ नव्हे, तर ऐन आपल्या काळांत, १५ एप्रिल २०११ च्या पहांटे, गांवांतील स्त्रियांनीं लांकडानें भरलेल्या मालमोटारी वाटेंत अडविल्या. देवळाची घंटा झाली, आणि सारें गांव जमा झालें. लांकूडतोड्यांपाठोपाठ पोलिस आणि राजकीय पक्षहि गांवांतून बाहेर काढले गेले. आपल्या रूढीप्रमाणें कारभारी मंडळ निवडण्याचा या गांवाचा हक्क पुढें न्यायालयांनीं मान्य केला. गांवकऱ्यांनीं जंगलांत पुन्हां पाइनचीं रोपें लावलीं.

आणि ॲव्होकाडो ? आपल्या सामायिक जमिनींत व्यापारी बागा लावावयाच्या नाहींत असें चेराननें ठरविलें; त्या आल्या कीं मागून रक्तपात येतो असें तेथील लोकांचें मत आहे. फळाला मात्र त्यांनीं गांवाबाहेर घालविलें नाहीं. घरच्या खाण्यापुरतीं तीन-चार, फार तर दहा झाडें लावण्यास प्रत्येकाला मोकळीक आहे. परसांतलें झाड, चुलीजवळचा काळा खल, आणि माणसें बसलीं कीं मग वाटलेली चटणी, एवढा व्यवहार त्यांनीं आपल्या हातीं ठेवला. दूरच्या शहरांत मेजवानीसाठीं ज्याला ग्वाकामोले करावयाची आहे त्याला परसांत झाड लावणें बहुधा शक्य नसतें. तो फळ विकतच आणणार. परंतु तें कोठल्या डोंगरावरून आलें आणि त्या डोंगरावर पूर्वीं काय उभें होतें, हें दुकानदाराला विचारणें त्याला शक्य असतें. आणि जेवढी खपेल तेवढीच चटणी, पाहुणे आल्यावर, ताजी वाटणें तर सर्वस्वीं त्याच्याच हातीं असतें.